चढावरची पाटी

त्यांचं खरं आडनाव तिरपे नव्हतं. पण चाळीसेक वर्षं लोक त्यांना तिरपे म्हणत आले आणि शेवटी शेवटी पोस्टमनही त्याच नावाची पत्रं बिनदिक्कत त्यांच्या दारात टाकू लागला. एकदा वाचनालयातल्या बाई "तिरपे, इथे सही करा" म्हणाल्या आणि त्यांनी त्याच नावाने सही ठोकून दिली. अर्ज बाद झाला, नवा भरावा लागला, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्यांची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

नाव पडलं अक्षरामुळे. तिरपे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांचं अक्षर जाडजूड, पोट सुटलेलं, टोकं गोल गोल, आणि सगळी ओळच्या ओळ पुढे झुकलेली, सुटत्या बसमागे धावणाऱ्या माणसासारखी. जाडी अशासाठी, की चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही रस्त्याच्या पलीकडून वाचता यावं. टोकं गोल, कारण टोकदार कोपऱ्यात रंग साचतो आणि खाली ओघळतो. हे ते दोन पाट्या वाया घालवून शिकले होते. झुकाव मात्र कुठून आला असं कुणी विचारलं, की तिरपे घसा साफ करून म्हणायचे, "त्यामागे विचार आहे." विचार काय होता ते कुणालाच सांगत नसत.

हे अक्षर कुणाला द्यायचं याचेही त्यांचे कायदे होते. जे पळतं, घसरतं, वितळतं किंवा फुगतं, त्याला तिरपं अक्षर. दुधाची गाडी, आइस्क्रीमचं दुकान, बूटवाला, लाँड्री, बेकरी, शाळेच्या धावपटूंचे बनियन. दातांच्या डॉक्टरला त्यांनी खुशीने पाटी करून दिली, कारण तिथे जाणाऱ्याला निदान पाटी तरी टोचू नये. पण एक वकील आले तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. "वकिलाचं अक्षर ताठ हवं," ते म्हणाले. "पाटीच झुकलेली दिसली तर अशील जिन्यातूनच परत जाईल." वकील चिडून दुसऱ्या पेंटरकडे गेले आणि त्या पठ्ठ्याने त्यांना तिरप्यांच्याच अक्षराची नक्कल काढून दिली. पुढे त्यांची वकिली काही चालली नाही. वकीलसाहेब मुळातच कामचुकार होते असं लोक म्हणत, पण तिरपे सगळा दोष पाटीलाच देत.

आता तिरप्यांना एकाहत्तरावं लागलं होतं. छापील फ्लेक्स आले तशा त्यांच्या पाट्या एकेक करून उतरल्या. उजवा हात दोन वर्षांपासून थरथरायचा, चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागायचा. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत रस्त्याकडे उघडणारी खिडकी, खिडकीखाली बायकोचं शिवणयंत्र, आणि काचेला आतून चिकटवलेला एक पुठ्ठा: 'शिवणकाम करून मिळेल.' बायकोने तो स्वतःच्या हाताने, पेनाने, सरळ उभ्या अक्षरात लिहिला होता. शाई उडत उडत चहाच्या रंगाची झाली होती. तो काढावा असं बापलेकींपैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

लेकही अक्षरांच्याच धंद्यात, पण संगणकावर. ती फॉन्ट करायची. म्हणजे नक्की काय करते ते तिरप्यांना बरीच वर्षं कळलं नव्हतं. शेजाऱ्यांनी विचारलं की ते "बसल्या बसल्या पाट्या रंगवते, हात खराब होत नाहीत" असं सांगून मोकळे व्हायचे. तर या लेकीने ऑफिसातल्या लोकांच्या गळी उतरवलं की आपल्या बाबांच्या अक्षराचा फॉन्ट करायचा. जुन्या पाट्यांचे फोटो ती दोन वर्षं जमवत होती. कुणाच्या लग्नाच्या फोटोत मागे बेकरी दिसायची, कुणाच्या पहिल्या स्कूटरच्या फोटोत लाँड्री. असे त्रेचाळीस फोटो झाले. फॉन्ट झाला की हात थरथरो नाहीतर न थरथरो, तिरप्यांचं अक्षर कायमचं राहणार होतं, आणि खाली त्यांचं नाव.

एका रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन आली आणि शिवणयंत्रावरच मांडून बसली.

"बाबा, एक अडचण आहे. तुमची अक्षरं एकसारखी झुकत नाहीत."

"म्हणजे?"

"बेकरी आठ अंश, बूटवाला तेरा, दुधाची गाडी दहा. लाँड्री तर एका टोकाला नऊ आणि दुसऱ्या टोकाला बारा."

"लाँड्रीच्या वेळी मला ताप होता."

"असू दे हो. पण फॉन्टमध्ये सगळ्यांना एकच कोन लागतो. खरा कोन कुठला, एवढं सांगा."

खरा कोन कुठे आहे ते तिरप्यांना पक्कं ठाऊक होतं. तो कुठल्या फोटोत नव्हता. घरापासून वीस मिनिटांवरच्या एका चढावर होता. पण तिथे लेकीला नेलं असतं तर आणखी बरंच काही सांगावं लागलं असतं. "पंधरा," ते म्हणाले.

"नक्की? पंधरा तर एकाही फोटोत नाही."

"अक्षर मी काढलंय की फोटोवाल्याने?"

लेकीने पंधरा लिहून घेतलं आणि तिरपे उगाचच चहा टाकायला आत गेले.

त्याचं असं झालं होतं. तिरपे चोवीस वर्षांचे असताना, म्हणजे अजून तिरपे व्हायचे होते तेव्हा, त्यांना पहिलं मोठं काम मिळालं ते सायकलवाल्या मामांच्या दुकानाचं. मामा म्हणजे सगळ्या गल्लीचेच मामा. दुकान भर चढावर. दुरुस्त केलेली सायकल गिऱ्हाइकाने उताराने सोडली की ब्रेक लागतात की नाही ते तिथल्या तिथे कळायचं. दुकानाकडे तोंड करून उभं राहिलं की रस्ता डावीकडून उजवीकडे चढत जायचा आणि त्याच्याबरोबर छपराची कडही. त्या कडेखाली बारा फुटी पत्रा दोन बोल्टांवर अडकवलेला होता, अर्थातच तसाच चढता. तिरप्यांनी शिडीवरून पत्र्याच्या कडेला धरून वरची आणि खालची रेघ मारली आणि अक्षरांच्या उभ्या दांड्यांसाठी गुण्या लावला. गुण्या म्हणजे सुतारांचं काटकोनी हत्यार. कडेला टेकवलं की काटकोनात रेघ मिळते. सगळे पेंटर असंच करतात.

खाली मामांची भाची पंक्चर काढत बसली होती. पाण्याच्या घमेल्यातली ट्यूब तशीच धरून तिने एकदा वर पाहिलं.

"ओ पेंटर, अक्षरं मागे पडतायत."

"मागे कशी पडतील? गुण्याने काढलीयत."

"गुण्या पत्र्याला सरळ आहे. पण पत्रा कुठे सरळ आहे? चढ चढताना माणूस असा मागे रेलून चालतो का? गडगडत खाली जाईल."

"तुम्ही पंक्चर काढा."

तिने पंक्चर काढलं नाही. शेजारी भिंत बांधणाऱ्या गवंड्याकडून ती ओळंबा मागून घेऊन आली, दोरीच्या टोकाला पितळी वजन असतं तो. स्टुलावर चढून तिने दोरी पत्र्यापुढे सोडली आणि वजन हलायचं थांबल्यावर म्हणाली, "ही उभी रेघ. हिच्यावर काढा." मामा भाचीच्या शब्दाबाहेर नव्हते. तिरप्यांनी दातओठ खात काढलेलं सगळं पुसलं. सोळा दांड्या होत्या. सोळा वेळा तिने ओळंबा धरला आणि सोळा वेळा त्यांनी तिच्याकडे न बघता रेघ मारली. पाटी पुरी झाल्यावर खाली उतरून पाहतात तर अक्षरं चढावर कशी खंबीर उभी होती. बाईचं म्हणणं बरोबर होतं. हे कबूल करणं चोवीस वर्षांच्या पेंटरला शक्य नव्हतं.

"माझ्यामुळे उभी राहिली तुमची पाटी," ती म्हणाली. "मला काय देणार?"

"तुम्हाला हवी ती पाटी रंगवून देईन," तिरपे म्हणाले आणि शिडी उचलून निघाले.

दोन वर्षांनी मामांनी दुकान खालच्या सपाट रस्त्यावर नेलं. पत्रा तसाच उतरवला आणि नव्या दुकानावर नीट आडवा ठोकला. आणि झालं, चढावर सरळ दिसणारी अक्षरं सपाटीला आल्याबरोबर सगळीच्या सगळी पुढे झुकली. तिरप्यांनी ते लांबून पाहिलं आणि आता आपलं हसं होणार म्हणून आठवडाभर त्या रस्त्याला फिरकले नाहीत. शेवटी मामांनीच त्यांना गाठलं. "काय डोकं आहे रे तुझं," ते म्हणाले. "सायकली उभ्या आहेत आणि पाटी पळतेय." त्याच महिन्यात मामांच्या दुकानातच बेकरीवाला त्यांच्याकडे आला, तसंच पळणारं अक्षर हवं म्हणून. त्याने हे सुचलं कसं असं विचारलं तेव्हा तिरप्यांनी घसा साफ केला आणि ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं. "त्यामागे विचार आहे." कोपऱ्यात भाची होती. तिने ऐकलं, तोंड फिरवलं आणि तिचे खांदे हसण्याने हलत राहिले. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

तिने हे कधी कुणाला सांगितलं नाही. गवंड्याला ओळंबा परत द्यायचा राहिला तो राहिलाच. तो तिच्या शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये पडून असायचा. तिरपे पाहुण्यांपुढे आपल्या अक्षराचं पुराण लावून बसले की ती शिवता शिवता ड्रॉवर जरासा उघडायची आणि बंद करायची. आत ओळंबा घरंगळून खडखडायचा. तेवढं ऐकलं की तिरप्यांचं पुराण पटकन आटपायचं. तिची पाटी मात्र झाली नाही. सुरुवातीला ती हसत हसत आठवण करून द्यायची आणि ते म्हणायचे, या महिन्यात आइस्क्रीमवाला आहे, पुढच्या महिन्यात नक्की. मग तिने तो पुठ्ठा लावला, "तोवर असू दे" म्हणून. हजारो लोकांची नावं त्यांनी रंगवली, तिचं एकदाही नाही. कधीतरी तिने विचारणं सोडून दिलं. कधी, ते त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही, आणि आता एकटे बसले की त्यांना हेच सगळ्यात जास्त खायचं.

पण सांगायचं तरी कसं? पाट्या गेल्या, हात गेला. उरलं होतं ते एवढंच, की या माणसाने पळणारं अक्षर काढलं. तेही आपलं नव्हतं म्हटलं तर उरलं काय, या विचाराने त्यांची जीभ उचलेना.

पंधरा दिवसांनी लेक एक भलामोठा कागद गुंडाळून घेऊन आली आणि भिंतीवर चिकटवून बाजूला झाली. फॉन्ट तयार होता. सगळी अक्षरं ओळीने बसवली होती, जाड, गोल, पोटं नीट भरलेली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'झुकत्या वळणाची मूळ कल्पना,' आणि पुढे तिरप्यांचं पूर्ण, खरं नाव.

"परवा देऊन टाकायचाय," ती म्हणाली. "बसवाल्यांनी घेतलाय, बाबा. शहरातल्या प्रत्येक बसवर येणार."

तिरपे बघत राहिले. अक्षरं त्यांचीच होती, पण उभी राहत नव्हती. पळणाऱ्या माणसाला ठेच लागावी आणि तो आता तोंडावर आपटणार असं वाटावं, तशी दिसत होती. चार अंश जास्त. बाकी कुणाला कळलं नसतं. जेवायला बसले तरी त्यांची नजर परत परत भिंतीकडे जायची. असल्या पडत्या अक्षरांच्या बस दिवसभर दारावरून जाणार आणि त्या अक्षरांना आपलं नाव. खोटेपणा एकवेळ पचला असता. वाईट अक्षर पचेना.

ते अर्ध्या जेवणावरून उठले, हात धुतले आणि शिवणयंत्राचा ड्रॉवर ओढला. आत खडखडलं.

"आईचा तो ड्रॉवर अजून अडकतोच का?" लेकीने विचारलं.

"अडकत नाही तो," तिरपे म्हणाले. "जेवण झालं की चपला घाल. तुला कोन दाखवतो."

चढावर त्यांना दोनदा दम खायला थांबावं लागलं. मामांच्या त्या जुन्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकत होते. पण छपराच्या कडेखाली भिंतीत गंजलेले दोन बोल्ट अजून होते, एक खाली, एक वर. तिरप्यांनी दुकानदाराकडून स्टूल मागून घेतलं. लेकीने या बोल्टापासून त्या बोल्टापर्यंत दोरी ताणून बांधली आणि मधोमध ओळंबा सोडला. तिरपे खाली रस्त्यावर उभे राहिले, जिथे तेव्हा पाण्याचं घमेलं होतं साधारण तिथेच.

वजन हलायचं थांबलं. चढती दोरी आणि तिला छेदणारी उभी दोरी. इथून पाहिलं की शंका घ्यायला जागाच नव्हती. कुणालाही दिसलं असतं. शिडीवरून मात्र दिसत नव्हतं. आपण आयुष्यभर शिडीवरच राहिलो, असं तिरप्यांना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हा खरा कोन," ते म्हणाले. "आणि हा माझा नाही. तुझ्या आईचा आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गुण्या, घमेलं, सोळा दांड्या, मामांनी सपाटीला ठोकलेला पत्रा, बेकरीवाला. स्टुलावर उभी राहूनच लेकीने ऐकलं. ऐकता ऐकता तिने फोनवर कोन मोजला होता. काटकोनापासून अकरा अंश भरला.

"आईने कधी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"ती कशाला सांगेल. ड्रॉवर वाजवायची फक्त."

"मला वाटायचं ड्रॉवर अडकतो," लेक म्हणाली आणि हसली. मग चेहरा पुसत स्टुलावरून उतरली. "तिला काय दिलंत याबद्दल?"

"पाटी कबूल केली होती."

लेकीने ओळंब्याची दोरी गुंडाळायला घेतली. तो पुठ्ठा ती लहानपणापासून बघत आली होती.

फॉन्ट अकरा अंशांवर आला. कागदावर आता दोन ओळी झाल्या: 'अक्षरं' याच्यापुढे बाबांचं नाव, 'मूळ कल्पना' याच्यापुढे आईचं. ऑफिसात कुणीतरी हे बाईंचं नाव कुठून आलं असं विचारलं, तेव्हा लेकीने सांगितलं की ते आधीपासूनच होतं, घालायचं राहिलं होतं. तिरप्यांनी नवा कागद बराच वेळ निरखला आणि मान डोलावली. अक्षरं पळत होती आणि पडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला पत्रा आणायला सांगितलं. फार मोठा नको, खिडकीएवढा. मजकूर पुठ्ठ्यावरचाच, शिवणकाम करून मिळेल, आणि वर तिचं नाव. लेकीने नव्या फॉन्टमध्ये छापून पत्र्यावर नुसती बाहेरची रेघ उमटवून दिली आणि आत रंग तिरप्यांनी भरला. एरवी असली पाटी त्यांनी दुपारच्या चहाच्या आत हातावेगळी केली असती. आता चार दिवस लागले. मनगटाखाली दुसरा हात धरला तरी ब्रश थरथरायचा, दोन ठिकाणी रंग रेघेबाहेर गेला. लेक म्हणाली पुसून देते. ते म्हणाले राहू दे. रंग वाळल्यावर पाटी खिडकीवर बाहेरच्या बाजूने ठोकली. पुठ्ठा आत होता तिथेच ठेवला.

सोमवारी सकाळी दार वाजलं. पलीकडच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एक बाई होत्या, हातात मुलाची शाळेची पँट.

"पाटी बघितली येता येता," त्या म्हणाल्या. "किती छान आहे हो. नवीनच सुरू केलंय का? हिची लांबी जरा कमी करून हवी होती. बाई आहेत का घरात?"

तिरप्यांनी पँट घेतली, बायको बघायची तशी तिची शिवण उलटी करून बघितली आणि नीट घडी घालून परत दिली.

"नाहीत," ते म्हणाले. "पाटी लावायला मला उशीर झाला."